मधल्या नावातलं माहेर

एका इंग्रज जमीनदाराचे चार मुलगे मी तीन महिने दुसऱ्याच बापाच्या पदरात टाकून ठेवले होते. ते माझ्या लक्षात आलं नाही, कंपनीच्याही आलं नाही. आलं ते तिकडच्या तपासनीस बाईंच्या, आणि त्यांनी मला पत्र पाठवलं. इंग्रजीत रागावण्याची एक रीत असते, ती आभार मानण्यापासून सुरू होते. आभाराच्या दोन ओळी वाचल्या तेव्हाच मी ओळखलं.

आधी काम काय ते सांगते. शेलूबाजारला, हायवेपासून दोन गल्ल्या आत, घराच्या पुढच्या खोलीत बसून मी इंग्रज खानदानांच्या वंशावळी टाईप करते. लॉर्ड, सर आणि त्यांच्या खालचे, म्हणजे किताब नसलेले पण पिढ्यान्‌पिढ्या जमिनी बाळगून असलेले लोक. त्यांनी आपापल्या घराण्यांची जाडजूड पुस्तकं छापून ठेवली आहेत. त्या पानांचे फोटो मला येतात आणि मी पडद्यावरच्या चौकटी भरते: नाव, बाप, आई, जन्म, लग्न, मृत्यू. तिकडे कुणाला आपले पूर्वज शोधायचे असले तर ते घरबसल्या सापडावेत म्हणून. इंग्रजीत एम.ए. केलं, पुण्यात चार वर्षं राहिले, वडील गेल्यावर आईजवळ परत आले, आणि एका कंपनीकडून हे काम मिळालं. गल्लीत कुणी विचारलं तर मी ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून मोकळी होते. कुण्या परक्या माणसाचा खापरपणजा शोधते असं सांगितलं तर लोक आईकडे काळजीनं बघतील.

दिवसाला शेकडो नावं या बोटांखालून जातात, म्हणून इथं मात्र एकाचंही नाव लिहिणार नाही. विटले आहे मी नावांना.

तर चूक अशी. पानं जुनी, रेघा पुसट. बापाला मुलांशी जोडणारी रेघ दिसली नाही की मी मधलं नाव बघायची. आपल्याकडे मधलं नाव बापाचं, त्यात विचार काय करायचा? या चौघांचं मधलं नाव एकच होतं, आणि तेच नाव लावणारा एक म्हातारा गृहस्थ त्याच पानावर वर बसलेला होता. झालं, आडनाव न बघताच लावले चौघे त्याच्या खाली. तपासनीस बाईंनी आभारानंतर लिहिलं होतं की मधलं नाव बापाचं नाही, ते आईच्या माहेरचं आडनाव आहे. माहेर तालेवार असलं की मोठ्या घरांत ते मुलांच्या नावात मधे घालून जपायची रीत होती. म्हणजे तो म्हातारा त्यांचा आजोबा होता, आईचा बाप. मी नातवांना आजोबाची मुलं करून टाकलं होतं. आणि मधली बाई, जिनं हे चौघे जन्माला घातले, तिच्यासाठी जागाच उरली नव्हती. ती बिनलग्नाची, बिनलेकरांची एका कोपऱ्यात पडून होती.

असं आणखी किती ठिकाणी केलं असेल कुणास ठाऊक. तीन महिन्यांच्या कामाची सगळी बॅच पुन्हा तपासा, असं पत्रात शेवटी होतं, पुन्हा एकदा आभार मानून.

मी उठले, पाणी प्याले, फाटकापर्यंत गेले, परत आले, परत गेले. माझं हे असंच आहे. डोकं तापलं की पाय चालू होतात. शेवटी मागच्या दारी गेले, तिथं आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पौषातले दिवस, सोल्यांच्या भाजीचे. तिनं न बघताच विचारलं, “आज कोनाचं घर?”

हा तिचा रोजचा प्रश्न. माझ्या लॉर्ड लोकांची तिला गल्लीतल्या घरांसारखी माहिती झाली आहे. कुणाला अकरा लेकरं झाली आणि जगली तीन, कोण बायकोच्या बहिणीशी लग्न करून बसला, कोण बिनलेकरांचा मेला आणि गढी पुतण्याला गेली. भाऊ नसलेल्या एका मुलीचा नवरा तिच्या जमिनीसाठी तिचंच आडनाव लावू लागला, हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, “म्हंजे घरजावई म्हन ना सरळ.” आणि दोन दिवस हसत होती.

“आज घर नाही,” मी म्हटलं, “आज जोडे खाल्ले.” आणि सगळं सांगितलं.

तीही आधी हसलीच. “नातवायले पोरं करून टाकलं! अन् मायले कुठी ठेवलं वं?”

“कोपऱ्यात.”

“बिनालेकराची?”

“हो.”

“ऐ माय!” तिनं मूठभर शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, “म्हंजे त्या बाईचं माहेर पोरायच्या नावात राह्यलं.”

“राहिलं.”

“चांगली रीत हाय.”

तिनं शेंगा पुन्हा पुढं ओढल्या. मग एकदम म्हणाली, “पोरी, आसेगावच्या कागदात माहं नाव हाय का, पाह्यतं का?”

आसेगाव म्हणजे तिचं माहेर. उन्हाळ्यात तिथं माझे आजोबा वारले, तिचे वडील. मागं शेत, आणि दोनच लेकरं: माझी आई थोरली आणि मामा धाकटा. आजोबांच्या नावावरचं शेत आता वारसांच्या नावावर चढायचं होतं. त्यासाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं, मग गावच्या चावडीवर नोटीस लागते, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर नोंद पक्की होते. नोटीस लागल्याचं आईला मामानं सांगितलं नव्हतं. मंगरूळपीरहून येताना जीपमध्ये शेजारी बसलेल्या आसेगावच्या एका बाईनं सांगितलं होतं. आणि आई चार दिवस ते पोटात ठेवून बसली होती!

इथं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आईला शेत नको होतं. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करतात, म्हणजे आपला हिस्सा भावाला सोडल्याची सही देतात, आणि तीही देणार होती. त्यावरून मी तिच्याशी किती भांडले असेन! पण तिचं ठरलेलं. उन्हाळ्यापासून आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले होते. भाऊ सही मागायला येईल, आपण द्यायची, तो साडी नेसवील, आपण जेवून परत यायचं. एवढंच तिचं म्हणणं होतं. भाऊ काही आला नव्हता.

चावडी आता कॉम्प्युटरवरही दिसते. जिल्हा निवडला, तालुका निवडला, गाव निवडलं. ज्या पडद्यावर दिवसभर इंग्रजांची घराणी बघते त्यावर आसेगावची नोटीस उघडली. मयत खातेदार: आजोबांचं नाव. वारस: मामाचं नाव. त्याच्या खाली काही नाही. मी पान खाली ओढून बघितलं, वर ओढून बघितलं. आई खुर्चीमागं उभी होती, हाताला शेंगांचा हिरवा वास.

“नाई ना?” ती म्हणाली.

“नाही.”

“बरं,” असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. मी गुपचूप खाल्ली, एरवी ताट सरकवलं असतं.

मला काही सुचेना. तपासायची बॅच समोर आणि मन आसेगावला. या पुस्तकांत एक पद्धत आहे: आधी मुलगे क्रमानं, मग मुली, वयानं मोठ्या असल्या तरी खालीच. पुष्कळ ठिकाणी मुलींची नावंही नाहीत, नुसतं ‘आणि दोन मुली’. नाव छापलेलं नसेल तर चौकटीत आडवी रेघ मारायची, असा आमचा नियम. पानावर आहे तेवढंच टाईप करायचं, मनाचं काही घालायचं नाही. मी हजारो रेघा मारल्या असतील त्या आधी, काही वाटलं नव्हतं. आता प्रत्येक रेघेला हात अडखळायला लागला. सतराव्या शतकातल्या कुठल्या परगण्यातली तिसरी मुलगी कुणाला दिली ते मला सांगता येतं, आणि माझ्या आजीचं माहेरचं नाव मला माहीत नाही. त्यात मी लग्न न केलेली. तिकडच्या पुस्तकात माझ्या नावापुढं तीन अक्षरं पडली असती, ज्यांचा अर्थ ‘वंश नाही’, आणि माझ्यासारख्याच कुणीतरी ती टाईप केली असती, जांभई देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जीपनं आसेगावला गेलो. आईनं ती प्लास्टिकची पिशवी बरोबर घेतली होती. मी रस्ताभर काय बोलायचं ते मनात जुळवत होते, कलम, कायदा, मुलींचा हक्क. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, ताई, तब्येत बरी आहे ना? म्हणजे ओठ हलत असावेत.

मामा घरीच होता. मामी तूर सोंगायला शेतात. त्यानं आईच्या पाया पडून घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, स्वतः चहा मांडला. वाईट माणूस नाही तो. माझे वडील गेले तेव्हा तेरा दिवस आमच्या ओट्यावर बसून होता. मला त्याचा राग यावा आणि त्यानं आल्याचा चहा करावा, असं ते चाललं होतं. शेवटी मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, “मामा, वंशावळीचा कागद दाखवा.”

त्याचा चेहरा उतरला, पण नाही म्हणाला नाही. लोखंडी कपाटातून पिशवी काढली, पिशवीतून कागद. मी हात पुढं केला, तर आईनं माझ्याआधी घेतला. चौथी शिकलेली आहे ती. बोट ठेवून वाचते, एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखी.

वर आजोबांचं नाव. खाली दोन रेघा. एक मामाकडे. दुसऱ्या रेघेखाली एक नाव होतं, जे मी क्वचितच ऐकलं होतं.

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत होती, अजूनही काही घरांत आहे. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यावर नवं नाव लिहितो. माझ्या वडिलांनी लिहिलं, आणि तेव्हापासून आई त्या नावाची झाली. रेशन कार्ड, मतदार यादी, आधार, सगळीकडे तेच. जुन्या नावानं तिला एकटे आजोबा हाक मारत. मामा लहानपणापासून ‘बाई’ म्हणतो. उन्हाळ्यापासून त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

आईनं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि हसली हो! लहान मुलीसारखी मामाकडे बघून हसली. “माहं नाव हाय की रे भाऊ. मी म्हनलं नसंन. हाय की.”

मामा जमिनीकडे बघत होता. मी तिच्या खांद्यावरून पुढचे दोन शब्द आधीच वाचले होते, आणि तिचं बोट त्यांच्यापर्यंत पोचू नये असं मला वाटत होतं. पोचलं.

‘बालपणी मयत.’

तिनं ते पुन्हा बोट ठेवून वाचलं. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मीच फुटले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. शेतासाठी बहिणीला मारलंत, असं नक्की बोलले. खोट्या प्रतिज्ञापत्राला काय शिक्षा असते तेही सांगितलं, जी मला धड माहीतही नव्हती.

“तू गप,” आई मला म्हणाली.

मामा म्हणाला, “बाई, नाव मेलं वं. तू कुठी मेली? तुहं नाव तं दुसरंच हाय. त्या नावाचा एक कागद नाई माह्याजवय. लिहिनारा म्हने, पोरीचं आधार आना. त्या नावाचं आधार मी कुठून आनू? तो म्हने, मंग मयत टाका, लवकर होते काम. मी म्हनलं, टाका. ते नाव कोन घेते आता? बाबा होते तं घेत होते.”

मी आजवर ठरवू शकले नाही की हे बोलणं खरं होतं की साळसूदपणाचं. आठाण्याचं खरं असेल. नावच गेलंय, माणूस नाही, असं त्याला सोयीनं का होईना पण वाटलं असणार. आणि उरलेल्या आठाण्यात शेत होतं.

आईनं कागद उलटा केला, शिक्क्यावरची तारीख बघितली. बोटावर काहीतरी मोजलं.

“हे दिवाईच्या आंधीचं हाय,” ती म्हणाली.

“हो.”

“अन् भाऊबीजेले तू आला.”

मामानं उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

“पाटावर बसला. मी कुंकू लावलं, ओवाळलं, करंज्या खाल्ल्या तू. हे आंधी लिहून आला होता, अन् मंग येऊन बसला. मले सांग भाऊ, ओवाळलं कोनं तुले?”

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारावं तसं तिनं विचारलं. मामानं तोंडावर उपरणं घेतलं. मी त्याला रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून दिवसभर स्वतःचा राग आला.

आई उठली. पिशवीतून झेरॉक्स आणि फोटो काढून तिनं एकदा बघितले आणि परत आत घातले. “शायेत नाव हाय माहं,” ती म्हणाली. “चल वं.”

गावची शाळा जिल्हा परिषदेची, तिथं ती चौथीपर्यंत शिकली होती. मुख्याध्यापकांनी अर्ज लिहून घेतला, कपाटातून जुनं दाखल रजिस्टर काढलं, आणि आम्ही तिघं त्यावर वाकलो. पानं पिवळी, शाई तपकिरी. मला अशी पानं वाचायची सवय आहे, म्हणून मीच आधी शोधलं. तिचं नाव, मग आजोबांचं नाव, मग आडनाव. पुढं जन्मतारीख, आणि शाळा सोडल्याचं कारण: ‘घरकाम’.

मी त्या मधल्या नावाकडे बघत राहिले. आजोबा तिच्या नावाच्या मधे बसलेले होते. लग्न झालं आणि तिथून उठले, तिथं माझे वडील येऊन बसले. माझ्या मधल्या नावातही तेच. म्हणजे आसेगाव आमच्या घरात कुठल्याच नावात शिल्लक नाही. इंग्रजांच्या पुस्तकांवर मी एवढी चिडते, पण त्या चौघा मुलग्यांनी आपल्या आईचं माहेर निदान मरेपर्यंत बाळगलं होतं.

“उतारा भेटंन ना साहेब?” आईनं विचारलं. उतारा म्हणजे रजिस्टरमधल्या त्या ओळीची सही-शिक्क्याची नक्कल. मुख्याध्यापक म्हणाले, मिळेल, पण हे नाव आणि तुमचं आताचं नाव एकाच बाईचं आहे हे कुणीतरी सांगायला लागेल, माहेरचं रक्ताचं माणूस असलं तर उत्तम.

माहेरचं रक्ताचं माणूस एकच होतं, आणि त्यानं शपथेवर तिला मारून ठेवलं होतं.

हरकतीचा अर्ज मीच लिहिला. पंधरातले चार दिवस उरले असताना तो चावडीत दिला, पोच घेतली. मग सुनावणीची तारीख पडली आणि तिची वाट बघण्यात तीन आठवडे गेले. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. एका जागी बसवेना. आईशी भांडायला कारण शोधायची. तू मामाला फोन कर, विचार त्याला तो येणार आहे का. ती म्हणायची, “मी कायले करू? मेलेलं मानूस फोन करते का?” आणि शेंगा सोलायला बसायची. तिच्या मनात काय चाललंय ते तिनं कळू दिलं नाही. फक्त एकदा, मी तिच्यासाठी प्रतिज्ञापत्र टाईप करत होते तेव्हा, ती खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

लग्नापूर्वीचं नाव अमुक आणि लग्नानंतरचं नाव तमुक, या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती हयात आहे, असा तो मजकूर. माझा धंदा पानावर आहे ते टाईप करण्याचा. या वेळी समोर पान नव्हतं, आई होती.

“हयात म्हंजे जिती ना?” तिनं विचारलं.

“हो.”

“दोनदा लिही.”

“दोनदा नाही लिहीत गं.”

“बरं राह्यलं,” ती म्हणाली, पण गेली नाही. शाई सुकेपर्यंत थांबल्यासारखी उभी राहिली, प्रिंटरमधून कागद निघेपर्यंत.

तपासनीस बाईंची बॅच तशीच पडली होती. त्यांचं आणखी एक पत्र आलं, पहिल्याहून जास्त आभार असलेलं. चारदा ते पान उघडलं असेल मी. चौघे मुलगे, वरती आजोबा, कोपऱ्यात ती बाई. नुसती उचलून मधे ठेवायची, दोन मिनिटांचं काम. करवत नव्हतं. का ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. आधी इकडचं होऊ दे, असं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात होतं.

सुनावणीला मंडळ अधिकारी येण्याआधी तासभर आम्ही चावडीत जाऊन बसलो. मामा दिसत नव्हता. मी दर दोन मिनिटांनी दारापर्यंत जाऊन रस्ता बघत होते. आईनं निळी नऊवारी नेसली होती, हक्कसोडीच्या सहीसाठी म्हणून उन्हाळ्यापासून इस्त्री करून ठेवलेली. आमचं नाव पुकारलं आणि आम्ही आत जाणार, तेवढ्यात मामा आला. मोटारसायकलवरून, दाढी वाढलेली. आईकडे त्यानं बघितलं नाही.

अधिकाऱ्यांनी कागद पुढं-मागं केले. “यात तर बहीण बालपणी मयत दाखवली आहे,” ते मामाला म्हणाले. “मग या बाई कोण?”

मामा कागदावरच्या त्या दोन शब्दांकडे बघत राहिला. मी तोंड उघडलं, आईनं माझं मनगट धरलं. तिची पकड अशी होती की दुसऱ्या दिवशी तिथं निळं पडलं होतं.

“माही बहीन हाय,” तो म्हणाला. “थोरली. चुकलं साहेब.”

“मग नाव सांगा बहिणीचं.”

आणि मामानं ते जुनं नाव घेतलं. तिच्यासमोर, आयुष्यात पहिल्यांदाच. आईनं मान वर केली. हाक आल्यावर माणूस करतं तशी.

पुढचं सगळं कागदाचं काम. अधिकाऱ्यांनी जरा खडसावलं, सुधारलेलं प्रतिज्ञापत्र मागितलं, मामानं ते आठवड्यात दिलं. नवी नोटीस लागली, तिचीही मुदत सरली. काल दुपारी मी आईला बोलावून पडदा दाखवला. आजोबांच्या नावाखाली दोन नावं. आधी मामा, मग आई, थोरली असून खाली, तिकडच्या पुस्तकांसारखीच. पण होती, जुन्या-नव्या दोन्ही नावांनिशी. तिनं काचेवर बोट ठेवून वाचलं, आजोबांपासून स्वतःपर्यंत, आणि परत वर.

संध्याकाळी मामाचा फोन आला. फोन कानाशी धरायचं तिला जमत नाही, म्हणून स्पीकर चालू होता. आधी पिकापाण्याचं झालं. मग तो चाचरत म्हणाला, “बाई, ते सहीचं... कवा येऊ मंग?”

मी देव्हाऱ्याकडे बघितलं. फळीवर ती पिशवी अजून होती.

“कोनती सही?” आई म्हणाली.

“हक्कसोडीची. तूच म्हनत होती ना, देईन म्हनून.”

“ते मी मराच्या आंधी म्हनत होती रे भाऊ.” तिनं पदरानं हात पुसले. “आता नवी नवी जिती झाली हावो. राहू दे मले जराक बाबांजवय. दिवाईले ये, ओवाळीन. मंग पाहू.”

मामा “बरं बाई” म्हणाला आणि फोन बंद झाला. मला टाळ्या पिटाव्या वाटत होत्या, पण तिच्याकडे बघून धीर झाला नाही. डोळे भरले होते तिचे. भावाला असं कधी बोलली नव्हती ती.

तिनं परात पुढं ओढली. हंगाम सरला, शेवटच्या शेंगा होत्या त्या, निबर झालेल्या. दोन-तीन सोलल्या आणि मग विचारलं, “त्या चार पोरायची माय बसवली का वं जाग्यावर?”

“नाही अजून.”

“जाय. बसव पयले,” ती म्हणाली.